पोर्श ७१८ केमनसाठी हिवाळी टायर: १८, १९ की २० इंच?

आधी निकाल. बेस मॉडेलच्या ७१८ केमनला हिवाळ्यात १८ इंची चाकं घालावीत: पुढे २३५/४५ आर १८, मागे २६५/४५ आर १८. गाडी घेताना हौसेने २० इंची रिम घेतलेली असली तरीसुद्धा. १९ इंच चालून जातं. २० इंची हिवाळी संच मिळतो आणि दिसतोही देखणा, पण त्यात पैसे घालू नयेत. हे परीक्षण या तीन मापांचं आहे. टायर कुठल्या कंपनीचा, हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि तो बराच सोपा आहे.

जर्मनीत श्टुटगार्ट आणि म्युनिककडे गाड्यांच्या उद्योगात काम करणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत. ही गाडी बनायची तीही श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात. पण पुण्या-मुंबईत गाडी शिकलेल्या माणसाला बारा महिने एकच टायर वापरायची सवय असते, आणि दुकानदाराने ‘हे तुमच्या गाडीला बसतात’ म्हटलं की विषय संपतो. साध्या हॅचबॅकला ते खपून जातं. पुढे-मागे वेगवेगळ्या मापाचे टायर असलेल्या, मधल्या इंजिनाच्या, फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला खपत नाही.

हिवाळी टायर मुळात लागतो कशाला, ते थोडक्यात. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होत जातं आणि रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागात दबत नाही. रस्ता कोरडा असला तरी पकड जाते, बर्फ पडायची वाट पाहावी लागत नाही. हिवाळी टायरचं मिश्रण थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक, नागमोडी चिरा असतात. ब्रेक लावला की ठोकळा किंचित कलतो, चिरा उघडतात आणि प्रत्येक चिरेची कड बर्फाला धरते. नक्षीच्या खोबणीत बर्फ भरून बसतो, त्याचाही फायदाच होतो, कारण बर्फ बर्फाला चांगला धरतो.

तिन्ही मापांचं गणित

टायरवरचा पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या रबरी भिंतीची उंची, रुंदीच्या टक्केवारीत. तिसरा रिमचा व्यास, इंचात. चाकाचा एकूण व्यास काढायचा तर रिमचे इंच २५.४ ने गुणायचे आणि त्यात साइडवॉलची उंची दोनदा मिळवायची.

पुढचं चाक घ्या. २३५/४५ आर १८ चा व्यास येतो ६६८.७ मिमी, २३५/४० आर १९ चा ६७०.६, आणि २३५/३५ आर २० चा ६७२.५. मागे २६५/४५ आर १८ चा ६९५.७, २६५/४० आर १९ चा ६९४.६, २६५/३५ आर २० चा ६९३.५. म्हणजे पुढे सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या व्यासात जेमतेम चार मिलिमीटरचा फरक आहे, मागे तर दोनचाच. स्पीडोमीटर, एबीएस आणि गाडी सावरणारी यंत्रणा, सगळ्यांना तिन्ही संच जवळपास सारखेच वाटतात. कारखान्याने हे जुळवूनच दिलेलं आहे, म्हणून या तिन्हींपैकी निवड करताना इलेक्ट्रॉनिक्सची काळजी नाही.

फरक पडतो साइडवॉलमध्ये. पुढे २० इंचाला रबराची उंची आहे ८२ मिमी, १८ इंचाला १०६. मागे ९३ विरुद्ध ११९. पुढे सुमारे अडीच सेंटिमीटर जास्त रबर, मागे त्याहून थोडं अधिक. जर्मनीतला रस्ता जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो. डांबराच्या भेगेत पाणी शिरतं, रात्री गोठून फुगतं आणि सकाळी तिथे धारदार कडेचा खड्डा असतो, बऱ्याचदा पाण्याने किंवा चिखलबर्फाने भरलेला, म्हणजे न दिसणारा. ३५ च्या साइडवॉलचा टायर अशा कडेवर आपटला की रबर चेपून थेट रिमच्या ओठाला लागतं. रिमला पोचा येतो, किंवा टायरच्या आतले दोरे तुटून साइडवॉलवर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, टाकावाच लागतो. शिवाय या गाडीत स्टेपनी नसते. पंक्चरचं द्रव आणि कंप्रेसर मिळतो, आणि फाटलेल्या साइडवॉलपुढे त्या द्रवाचं काही चालत नाही.

आता १८ इंचाची वजाबाजू, कारण ती खरी आहे. मागची १८ इंची रिम २० इंचीपेक्षा अरुंद असते. तेच २६५ चं टायर अरुंद रिमवर थोडं फुगून बसतं. त्यात उंच साइडवॉल आणि चिरा पडलेली मऊ नक्षी. कोरड्या, १० अंशांच्या रस्त्यावर स्टिअरिंग वळवल्यावर गाडी क्षणभर उशिरा वळते आणि मागचा भाग वळणात बसायला थोडा वेळ घेतो. उन्हाळ्यातल्या केमनची सवय असलेल्या हाताला हे लगेच जाणवतं. २० इंची हिवाळी संचावर ही ढिलाई कमी असते, पण पूर्ण जात नाही, कारण तिचा मोठा भाग नक्षीतून येतो, रिममधून नाही. जी उणीव अर्धीच भरून निघते तिच्यासाठी खड्ड्यातली सुरक्षितता सोडू नये, असं आमचं ठाम मत आहे.

मग आणखी अरुंद का नको? बर्फात अरुंद टायर चांगला, हे ऐकीव ज्ञान अर्धं खरं आहे. ताज्या, खोल बर्फात आणि चिखलबर्फात अरुंद टायर खालपर्यंत कापत जातो, रुंद टायर वर तरंगतो. पाण्यावरही तसंच. पण दाबून घट्ट झालेल्या बर्फावर आणि ओल्या रस्त्यावर रुंदीचा तोटा फारसा उरत नाही. आणि या गाडीला मान्य असलेल्या तिन्ही मापांत रुंदी एकच आहे, २३५ आणि २६५. त्याहून अरुंद टायर घालायचं तर वेगळी मंजुरी लागते. त्यातही मागचं टायर पुढच्यापेक्षा जास्त प्रमाणात अरुंद केलं तर ओल्या वळणावर गाडीची मागची बाजू आधी निसटते. मधल्या इंजिनाची गाडी निसटते तेव्हा झटकन फिरते, आणि सावरायला वेळ देत नाही.

दुकानात न वाचली जाणारी अक्षरं

२३५/४५ आर १८ च्या पुढे लिहिलेलं असतं ९४ व्ही, मागच्या टायरवर १०१ व्ही. हेही मापाचाच भाग आहे. आकडा टायर किती वजन पेलतो ते सांगतो: ९४ म्हणजे एका टायरला ६७० किलो, १०१ म्हणजे ८२५ किलो. यापेक्षा कमी आकड्याचा टायर चालत नाही, जास्त आकड्याचा चालतो.

अक्षर टायरचा कमाल वेग सांगतं: व्ही म्हणजे ताशी २४० किमी. ७१८ केमनचा सर्वोच्च वेग २७५ किमी आहे, म्हणजे उन्हाळी टायर व्हीचे चालणार नाहीत. हिवाळी टायरना जर्मनीत सवलत आहे: गाडीच्या सर्वोच्च वेगापेक्षा कमी दर्जाचे टायर घालता येतात, मात्र ‘२४० किमी’ अशी सूचना चालकाच्या नजरेसमोर लावलेली हवी, आणि तो वेग ओलांडायचा नाही. दुकानदार गोल स्टिकर देतो. तो डिक्कीत पडून राहिला तर उपयोग नाही. ज्यांना ऑटोबानवर रिकाम्या रस्त्यात पाय दाबायची सवय आहे त्यांनी वेगाची सूचना गाडीच्या पडद्यावरही २३० ला लावून ठेवावी.

टायरच्या अंगावर डोंगराची तीन शिखरं आणि आत हिमकण असं चिन्ह पाहिजेच. नुसतं ‘एम+एस’ (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत हिवाळी टायर म्हणून धरलं जात नाही. जुन्या संचात हे हमखास सापडतं. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेला ओलावा असताना योग्य टायर नसेल तर ६० युरो दंड आणि चालकाच्या नावावर एक दंडाचा पॉइंट, वाहतूक अडवली तर ८० युरो. ऑक्टोबर ते ईस्टर हा तिकडचा ठोकताळा सोयीचा आहे, पण कायदा तारीख बघत नाही, रस्त्याची अवस्था बघतो.

म्युनिकहून साल्झबुर्ग किंवा इन्सब्रुकला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जर्मनीत नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिमी आहे, ऑस्ट्रियात हिवाळी टायरला ४ मिमी लागते. त्याखाली गेलेला टायर तिथे हिवाळी मानलाच जात नाही. कायदा बाजूला ठेवला तरी ४ मिमीनंतर चिरांची खोली संपत येते आणि बर्फातली पकड झपाट्याने उतरते, म्हणून जर्मनीतही ४ मिमीलाच टायर बदलावा.

पोर्शने तपासून मान्य केलेल्या टायरवर एन अक्षर आणि पुढे आकडा असतो: एन०, एन१ असा. त्याच नावाचा, त्याच मापाचा, पण एन नसलेला टायर आतून वेगळा असू शकतो. या मापाला एन असलेला टायर मिळत असेल तर तोच घ्यावा. एकाच अ‍ॅक्सलवर एन० आणि एन१ मिसळू नयेत, आणि पुढे एका कंपनीचा, मागे दुसऱ्या कंपनीचा असा प्रकार तर मुळीच करू नये. मिशलिनचा पायलट अल्पिन, पिरेलीचा विंटर सोट्टोझेरो, कॉन्टिनेन्टलचा विंटरकॉन्टॅक्ट ही या वर्गातली भरवशाची घराणी आहेत. योग्य माप, योग्य आकडा, शिखराचं चिन्ह आणि ताजं उत्पादन एवढं जमलं की त्यांच्यातला उरलेला फरक चुकीच्या मापाने होणाऱ्या नुकसानापुढे किरकोळ आहे. उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष साइडवॉलवर चार अंकांत असतं. ३८२४ म्हणजे २०२४ चा अडतिसावा आठवडा.

रिम: इथे खरी फसगत होते

१८ इंची संचाची कारखान्याची रिम पुढे ८ जे × १८, ईटी ५७ अशी आहे, मागची त्याहून रुंद. जे म्हणजे रिमची रुंदी इंचात. ईटी म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे ते. ईटी कमी झाला की चाक मडगार्डकडे सरकतं, वाढला की आत सस्पेन्शनकडे. दहा मिलिमीटरची चूक डोळ्यांना कळत नाही, पण पूर्ण वळणात किंवा गाडी दबल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासतो. हिवाळ्यात तिथे बर्फ साचून गोठतो, त्यामुळे उन्हाळ्यात पुरणारी फटही पुरत नाही. बोल्टचं वर्तुळ ५ × १३०, बोल्ट एम१४ × १.५.

ब्रेक हा दुसरा अडसर. बेस ७१८ च्या पुढच्या डिस्कचा व्यास ३३० मिमी आहे. आधीच्या पिढीच्या ९८१ बेस केमनला ३१५ मिमीची डिस्क होती. त्यामुळे ९८१ वरून काढलेल्या १८ इंची रिम, टायरचं माप अगदी तेच असलं तरी, ७१८ च्या कॅलिपरवर (डिस्क पकडणाऱ्या ब्रेकच्या चिमट्यावर) बसतील असं गृहीत धरू नये. ७१८ एस या जास्त ताकदीच्या मॉडेलची डिस्क ३३० मिमीचीच, पण जाड आहे आणि कॅलिपर मोठा, म्हणून एसच्या मालकाने १९ इंचापासून विचार सुरू करावा. सिरॅमिक ब्रेकची पुढची डिस्क ३५० मिमीची असते; तिथे १८ इंची रिमचा विचारच सोडावा.

सगळ्यात फसवं माप आहे २३५/४० आर १८ आणि २६५/४० आर १८. जुन्या ९८७ केमनवर १८ इंचाला हेच टायर होते. टायरची रुंदी तीच, रिमचा व्यास तोच, टायरच्या मापात फरक फक्त ४५ आणि ४० चा. पण पुढचा व्यास ६४५ मिमीवर येतो, म्हणजे साडेतीन टक्के कमी. स्पीडोमीटर तेवढा जास्त वेग दाखवतो. गाडी पुढे सुमारे १२ आणि मागे १३ मिलिमीटर खाली येते, आणि दोन चाकोऱ्यांमध्ये साचलेल्या बर्फाचा कणा पोटाला घासतो. वजनाचा आकडाही बऱ्याचदा खाली येतो. हे माप ७१८ साठी नाही.

कागदपत्रात काय पाहायचं? नोंदणीपत्राच्या पहिल्या भागात १५.१ आणि १५.२ या रकान्यांत पुढचं आणि मागचं माप असतं, पण तिथे एकच जोडी लिहिलेली असते. बाकीची मान्य मापं उत्पादकाच्या सीओसी कागदावर (गाडी मंजूर नमुन्याप्रमाणे असल्याच्या प्रमाणपत्रावर) असतात. तो कागद गाडीबरोबर मिळतो आणि नंतर फाइलच्या तळाशी जातो. टायर मागवण्यापूर्वी तो काढून समोर ठेवावा. दुसऱ्या कंपनीची रिम घेत असाल तर तिचा मंजुरीचा कागद आधी वाचावा, गाडीचं मॉडेल आणि टायरचं माप त्यात नावानिशी आहे का ते बघावं, आणि टीयूव्ही या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडे नोंद करून घेण्याची अट आहे का तेही. पैसे भरल्यानंतर हे वाचण्यात अर्थ नाही.

रंग दिलेली साधी रिम घ्यावी. मशीनवर घासून चकचकीत केलेल्या कडेची रिम मिठात टिकत नाही. एखादा खडा लागून वरचं लाखेचं आवरण फुटलं की मीठ आत शिरतं आणि पांढऱ्या किड्यासारख्या रेषा पसरत जातात. २० इंची उन्हाळी रिमवरच हिवाळी टायर चढवून वर्षातून दोनदा उतरवण्याचा बेत यासाठीही वाईट. प्रत्येक वेळी कडा सोलवटतात, आणि चार-पाच मोसमांत टायर चढवण्या-उतरवण्याचा आणि बॅलन्सिंगचा खर्च वेगळ्या रिमच्या किमतीचा मोठा वाटा खाऊन टाकतो.

बर्फात चेन लागेल अशा डोंगराळ भागात राहत असाल तर मॅन्युअलमधला चेनचा भाग टायर घेण्यापूर्वी वाचा. चेन मागच्या चाकांनाच लागते आणि मॅन्युअलने सांगितलेल्या मापालाच.

बसवताना

हवेच्या दाबाचा सेन्सर चारही चाकांत हवा. नोव्हेंबर २०१४ पासून युरोपीय संघात नव्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची आहे, तेव्हा सेन्सर न घालता ‘दिवा पेटला तर पेटू दे’ म्हणणारं दुकान टाळावं. चाकं बदलल्यावर गाडीच्या पडद्यावर टायरचा प्रकार हिवाळी आणि माप १८ इंच असं निवडावं लागतं. हे राहिलं तर यंत्रणा जुन्या संचाच्या दाबाशी तुलना करत बसते आणि खोटा इशारा देते, किंवा खरा इशारा देत नाही.

दाब दाराजवळच्या पट्टीवरून, हिवाळी टायरच्या रकान्यातून घ्यावा. तो २० अंशांच्या थंड टायरसाठी असतो. तापमान दहा अंश उतरलं की दाब साधारण ०.१ बार कमी होतो. उबदार वर्कशॉपमध्ये २० अंशांना बरोबर भरलेली हवा उणे ५ च्या सकाळी पाव बार कमी दाखवेल. ही गळती नव्हे, पण टायरला तेवढी हवा कमीच आहे, म्हणून थंडी पडल्यावर एकदा हवा तपासून भरावी.

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून मगच चाक चढवायचं. राहिलेली गंजाची खपली चाक तिरकं टेकवते आणि ताशी १२० ला स्टिअरिंग थरथरतं; मग लोक बॅलन्सिंगला दोष देतात. बोल्ट आधी हाताने, मग चांदणीच्या क्रमाने, शेवटी टॉर्क पान्याने १६० न्यूटन-मीटर. हवेच्या गनने आवळून पान्याने नुसतं ‘टक’ ऐकवणारा मेकॅनिक काम करत नाही, दाखवतो. गनने आधीच २०० पलीकडे गेलेला बोल्टही तितक्याच तत्परतेने टक करतो. ५० किमीनंतर पुन्हा टॉर्क तपासावा. नव्या टायरवर साच्याचा तेलकट थर असतो, त्यामुळे पहिले २००-३०० किमी जपून चालवावं.

चाकं काढताना प्रत्येकावर खडूने जागा लिहावी. मागचं-पुढचं अदलाबदल होतच नाही, पण डावं-उजवं चुकू शकतं. बाण असलेला टायर बाणाच्या दिशेने, आणि बाण नसून ‘आउटसाइड’ लिहिलेलं असेल तर ती बाजू बाहेर. उलटा बसलेला बाणाचा टायर पाणी बाहेर फेकण्याऐवजी मध्याकडे ओढतो.

वापरलेला संच घेणं वाईट नाही, पुष्कळ जण एक-दोन हिवाळ्यांत गाडी विकतात आणि चाकं उरतात. विक्रेत्याकडून पाच गोष्टी मागाव्यात: चारही टायरच्या उत्पादनाचे अंक, नक्षीची खोली आतल्या कडेला, मध्यावर आणि बाहेरच्या कडेला मोजून, साइडवॉलचे जवळून फोटो, सेन्सर किती वर्षांचे आहेत, आणि रिमच्या मागच्या बाजूचा फोटो. मागच्या बाजूलाच जे, ईटी आणि पोर्शचा भाग क्रमांक ओतलेला असतो, आणि तो क्रमांक पोर्शच्या पार्ट्स काउंटरवर दिला की ही रिम ७१८ ची आहे की ९८१ ची, ते कळतं. आतल्या कडेची नक्षी बाहेरच्यापेक्षा २ मिमीने कमी असेल तर आधीच्या गाडीचं अलाइनमेंट बिघडलेलं होतं. अशा टायरचे पैसे देऊ नयेत, फक्त रिमची किंमत करावी. आणि मागच्या बाजूचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर तो संच सोडून द्यावा.